प्रोस्टेटचा कॅन्सर हाडातच का जातो? मज्जेत त्याला धरून कोण ठेवतं?

ओसरीवरून
नमस्कार मंडळी. बाबांना (वय ७१) मार्चमध्ये प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. निघाला तेव्हाच तो कंबरेच्या मणक्यांत आणि खुब्यात पोचलेला होता. डॉक्टरांनी चार वाक्यांत समजावलं, बाहेर चाळीस पेशंट बसलेले, त्यांना दोष नाही. उपचार सुरू आहेत आणि बाबा बरे आहेत, त्यामुळे सल्ला नकोय.

मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. रक्त सगळ्या शरीरात फिरतं. मग किडनी, स्नायू, प्लीहा एवढं सगळं सोडून हा मणक्यातच का उतरला? शोधताना 'एक्स्ट्रासेल्युलर मॅट्रिक्स', 'इंटिग्रिन', 'ऑस्टिओपॉन्टिन' असे शब्द सापडले. हाडातली नि मज्जेतली काही प्रथिनं कॅन्सरच्या पेशींना धरून ठेवतात म्हणे. मी कॉमर्सवाला, दहावीनंतर जीवशास्त्राशी फारकत. कुणी मराठीत सांगेल का? घरी मामा सगळ्यांना "आता हाडाचा कॅन्सर झालाय" असं फोनवर सांगत सुटलाय. त्यालाही काहीतरी उत्तर द्यायचंय.

कोकणी_कावळा
पहिला! (कळत काही नाही, पण वाचतोय.) बाबांना नमस्कार सांगा.

हाडवैद्य
आधी मामांचं बघू. हाडाचा कॅन्सर म्हणजे हाडाच्याच पेशी बिघडून झालेला. तुमच्या बाबांच्या मणक्यात आहेत त्या प्रोस्टेटच्याच पेशी, फक्त भाड्याने राहायला आल्यात. म्हणून औषधंही प्रोस्टेटचीच चालतात आणि रक्तातला पीएसए (प्रोस्टेटच्या पेशी सोडतात ते प्रथिन) बघूनच अंदाज घेतात. मोठ्या माणसात तांबडी मज्जा उरते ती मणके, बरगड्या, छातीचं मधलं हाड, खुबा, मांडीच्या हाडाचा वरचा भाग इथे. ही पाहुणी मंडळी उतरतात तीही बहुतेक तिथेच. कोपर नि गुडघ्याच्या खाली फार क्वचित. का उतरतात ते इथल्या प्रयोगशाळावाल्यांनी सांगावं, मी हाडांचा डॉक्टर, म्हणजे सुतार माणूस, खिळे ठोकतो.

तिरकस
प्रथिनं बोलावतात वगैरे काव्य नंतर. आधी नळजोडणी बघा. १९४० साली फिलाडेल्फियाच्या बॅटसन नावाच्या शरीररचनातज्ज्ञाने प्रेतांच्या शिरांत द्रव सोडून दाखवलं, की ओटीपोटातल्या शिरा मणक्याभोवतीच्या शिरांच्या जाळ्याला थेट जोडलेल्या आहेत. त्या जाळ्यात झडपा नाहीत. माणूस खोकला, कुंथला, की रक्त उलटं मणक्याकडे. प्रोस्टेट कुठे? ओटीपोटात. झालं उत्तर. ड्रेनेजचा नकाशा हातात असेल तर घाण कुठे साचेल हे सांगायला रेणूंची गरज नाही.

पेट्रीडिश
तिरकस, तुमचं म्हणणं जुनं आणि वजनदार आहे. अमेरिकेतले जेम्स युइंग १९२८ मध्ये जवळपास हेच म्हणत होते. पण त्यांच्याही आधी, १८८९ मध्ये, लंडनच्या स्टीफन पॅजेट या सर्जनने स्तनाच्या कॅन्सरने गेलेल्या ७३५ बायकांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी चाळल्या. यकृतात गाठी २४१ जणींच्या, प्लीहेत फक्त १७. प्लीहेलाही भरपूर रक्त जातं, आणि निव्वळ नळजोडणी असती तर एवढी तफावत पडायला नको. बी सगळीकडे उडतं, उगवतं मात्र मानवेल त्या मातीत, असं त्याने मांडलं. (हाडाच्या 'पॅजेट्स डिसीज'वाला तो हा नव्हे, ते याचे वडील.)

किडन्यांना हृदयाच्या रक्तापैकी पाचवा हिस्सा तरी मिळतो. स्नायू तर अंगभर. तिथे गाठी किती वेळा बघता? आणि स्तनाचा कॅन्सरही हाडात जातोच की, तो काही ओटीपोटात नसतो. पाइप आहेतच, नाही म्हणत नाही. पाइपातून आलेल्यांपैकी टिकतं कोण हा प्रश्न उरतो. १९७० मध्ये आयझाया फिडलर यांनी किरणोत्सारी खूण केलेल्या कॅन्सर पेशी उंदरांच्या रक्तात सोडल्या. शेवटी जगल्या त्या हजारात एकही नाही. रक्तात पडणं सोपं, उतरून घर करणं महाकठीण.

मॅट्रिक्सचं रात्री लिहिते, इथे सकाळ आहे आणि लॅबमध्ये पेशी वाट बघतायत. जागा राखून ठेवते.

कोकणी_कावळा
पेशी वाट बघतायत! आमच्याकडे घरची माणसंसुद्धा बघत नाहीत.

शुद्धलेखन_फौजदार
'एक्स्ट्रासेल्युलर मॅट्रिक्स'ला 'पेशीबाह्य आधारक' म्हणता येईल. कृपया मराठी शब्द वापरावेत.

बांधावरचा
आधारक म्हटलं की मला आधार कार्ड आठवतं. सोपं काहीतरी सुचवा. सारवण?

पेट्रीडिश
सारवण वाईट नाही, पण त्याहून चांगलं आमच्या आजोळी बघितलंय. रत्नागिरीकडे कुडाची भिंत असते. कारवीच्या काठ्या विणायच्या, वर शेणमातीचा गिलावा. हाड अगदी तसंच. काठ्या म्हणजे कोलॅजेन, पहिल्या प्रकारचं. हाडातल्या सेंद्रिय भागापैकी साधारण ९० टक्के तेच. गिलावा म्हणजे कॅल्शियम-फॉस्फेटचे स्फटिक. काठ्या आणि गिलावा यांच्या सांध्यात थोडी चिकट प्रथिनं: ऑस्टिओपॉन्टिन, बोन सायलोप्रोटीन वगैरे. 'पॉन्टिन'मध्ये लॅटिनमधला पूल आहे, आणि ते काम पुलाचंच करतं. एका टोकाला खनिज, दुसऱ्या टोकाला पेशी.

भिंतीच्या आत मज्जा, ती मऊ. तिथलं जाळं फायब्रोनेक्टिन, लॅमिनिन, बारीक कोलॅजेन यांचं. या सगळ्या बाह्य विणकामाला मॅट्रिक्स म्हणायचं. पेशी त्यात नुसती बसत नाही, त्याला धरते. धरायचे हात म्हणजे इंटिग्रिन. पेशीच्या कातडीतून आरपार गेलेली जोडप्रथिनं, बाहेरून मॅट्रिक्स धरतात आणि आत निरोप पोचवतात: 'धरलंय, मरू नकोस', 'धरलंय, आता सरक'. हे दुसरं काम लोक विसरतात.

आता प्रवास. मज्जेतल्या रक्तवाहिन्या म्हणजे सायनुसॉइड, रुंद, पातळ भिंतींच्या, रक्ताची चाल मंद. पेशी आली की आधी भिंतीवरच्या ई-सिलेक्टिन या चिकट प्रथिनाला हलकीशी अडखळत घरंगळते. मज्जेतल्या पेशी सीएक्ससीएल-१२ नावाचा रेणू सोडत असतात, त्याचा वास घेणारं नाक (सीएक्ससीआर-४) अनेक कॅन्सर पेशींवर असतं. स्तनाच्या कॅन्सरमध्ये हे २००१ साली दाखवलं गेलं, प्रोस्टेटमध्ये लगेच पुढच्या वर्षी. वास लागला की इंटिग्रिन ताठ होतात, पकड घट्ट होते, आणि पेशी दोन पेशींच्या फटीतून आत. आत गेल्यावर फायब्रोनेक्टिन धरत धरत हाडाच्या आतल्या काठापर्यंत सरकते. तिथे कोलॅजेन आणि ऑस्टिओपॉन्टिन.

गंमत म्हणजे हा रस्ता कॅन्सरने शोधलेला नाही. रक्ताच्या मूळ पेशी (स्टेम सेल) रोज याच वाटेने मज्जेत परततात. कॅन्सर पेशी दुसऱ्याच्या पासावर लोकलमध्ये चढते. मी आहे त्या मिशिगनमध्येच काही वर्षांपूर्वी दाखवलं गेलं, की उंदरांच्या मज्जेत प्रोस्टेटच्या कॅन्सर पेशी मूळ पेशींच्याच जागांवर हक्क सांगतात आणि त्यांना हुसकावून लावतात. २०११ चं काम आहे ते.

मज्जाच_मज्जा
दुसऱ्याच्या पासावर लोकल! हे मला तीन वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आयडीवरून हसू नका, तो मुद्दाम घेतलाय. मला मल्टिपल मायलोमा आहे, म्हणजे कॅन्सरच मज्जेतल्या पेशींचा. डॉक्टर म्हणाले, "मज्जेत बिघाड आहे," आणि आमच्या नव्वदीच्या आजीने विचारलं, "मजेत आहे तर मग औषध कशाला?"

माझं स्वतःच्याच पेशींचं प्रत्यारोपण झालं. त्यासाठी मूळ पेशी मज्जेतून रक्तात आणाव्या लागतात. चार दिवस पोटात सुया टोचल्या, रक्तातल्या मूळ पेशींचा आकडा काही वाढेना. मग रात्री प्लेरिक्साफॉर नावाचं इंजेक्शन दिलं आणि सकाळी मशीनला लावलं. आकडा एका रात्रीत उडाला! नर्सताई म्हणाल्या, "हे औषध पेशींचा हात सोडवतं." पेट्रीडिश, हे तेच नाक बंद करणारं औषध ना?

पेट्रीडिश
काका, अगदी तेच. सीएक्ससीआर-४ला बूच. अमेरिकेत २००८ मध्ये मान्यता मिळाली ती याच कामासाठी, मायलोमा आणि लिम्फोमात (लसिकापेशींचा कॅन्सर). मज्जेचा वास येईनासा झाला की मूळ पेशींची पकड सुटते आणि त्या रक्तात येतात. नर्सताईंना माझा नमस्कार.

तिरकस
मान्य, काका जिवंत पुरावा आहेत, पण रक्ताच्या पेशींचा. प्रोस्टेटच्या बाबतीत माझी शंका तशीच. तुम्ही लॅबमधल्या काचेच्या डिशला कोलॅजेन फासता, पेशी चिकटतात, आणि पेपर निघतो. डिशमध्ये चिकटलं म्हणून माणसात चिकटतं? माझी बनियनही खुर्चीला चिकटते.

पेट्रीडिश
शंका रास्त आहे, म्हणून एक प्रयोग सांगते. एलएनकॅप नावाच्या प्रोस्टेट कॅन्सर पेशी आहेत, मूळ एका रुग्णाच्या लसिकागाठीतल्या. त्या पहिल्या प्रकारच्या कोलॅजेनला धड चिकटत नाहीत आणि उंदराच्या हाडात सोडल्या तर गाठही करत नाहीत. २००६ मध्ये एका गटाने या पेशी कोलॅजेनवर पुन्हा पुन्हा घालून ज्या थोड्या चिकटल्या तेवढ्याच वेगळ्या वाढवल्या. त्यांच्यावर अल्फा-२ बीटा-१ हा कोलॅजेन धरणारा हात जास्त निघाला. त्या उंदराच्या नडगीच्या हाडात सोडल्यावर साधारण निम्म्या उंदरांत गाठी झाल्या. मूळ पेशींच्या एकाही उंदरात नाही.

आता तुम्ही विचारायच्या आधी मीच सांगते: पेशी थेट हाडात टोचल्या होत्या. म्हणजे यातून हाडात *पोचणं* सिद्ध होत नाही, हाडात *टिकणं* होतं. 'मायग्रेशन' (स्थलांतर) हा शब्द पेपरच्या शीर्षकात बघितला की मी आधी सुई कुठे टोचली ते बघते. हृदयात टोचली असेल तर पेशींना निदान प्रवास करावा लागला. आणि डिशवर आठ मायक्रॉनच्या भोकांतून पेशी पलीकडे गेल्या की त्यालाही मायग्रेशनच म्हणतात. तिन्ही गोष्टींना एकच शब्द, म्हणून गोंधळ.

तिरकस
हे प्रामाणिक उत्तर झालं. अर्धा शब्द मागे घेतो.

कोकणी_कावळा
नोंद घ्या. तिरकस यांनी २०१४ नंतर प्रथमच काही मागे घेतले आहे.

घाटावरची
इतके दिवस नुसती वाचत होते. आमच्या आत्याचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, गाठी स्वच्छ निघाल्या, पाच वर्षांनी आम्ही पेढे वाटले. बाराव्या वर्षी पाठ दुखायला लागली, आणि मणक्यात निघाला. बारा वर्षं तो होता कुठे? आत्याने काय चुकवलं हा प्रश्न घरात आजही कुणी ना कुणी काढतंच. जेवणात काय होतं, मोबाइल उशाशी ठेवायची का. मला ते ऐकवत नाही.

पेट्रीडिश
घाटावरची, आत्याने काही चुकवलेलं नाही. पेशी बहुधा ऑपरेशनच्याही आधी निघालेल्या असतात आणि मज्जेत एकेकट्या झोपून राहतात. केमोथेरपी वाढणाऱ्या पेशींना मारते, झोपलेलीला ओळखत नाही.

त्यांना झोपवणाऱ्यांतही मॅट्रिक्सच असतं. २०१३ मध्ये एक काम आलं. मज्जेतल्या आणि फुप्फुसातल्या शांत, स्थिर रक्तवाहिन्यांभोवती थ्रॉम्बोस्पॉन्डिन-१ हे प्रथिन असतं, त्याच्या शेजारी स्तनाच्या कॅन्सर पेशी निजून राहतात. वाहिनीला नवा कोंब फुटला की त्या टोकाशी थ्रॉम्बोस्पॉन्डिन कमी होतं, पेरिओस्टिन आणि टीजीएफ-बीटा ही चेतवणारी प्रथिनं वाढतात, आणि तिथली पेशी जागी होते. म्हणजे एकच जाळं, एका जागी अंगाई आणि वीतभर पलीकडे गजर. मॅट्रिक्स म्हणजे निव्वळ शत्रू असं मी म्हणत नाही ते यामुळेच.

बांधावरचा
बी आणि मातीचा दाखला इथे सगळे देताय, तर शेतकऱ्याने बोललं पाहिजे.

पॅजेटसाहेबांना शेती येत नसावी. त्यांची माती नुसती पडून आहे, मानवली तर मानवली. आमचं लव्हाळं बघा. वर उपटलं तरी गाठ खाली राहते. दोन-तीन हंगाम गप्प. पाऊस चांगला झाला, नांगराने गाठी वर आल्या, की वावर हिरवंगार. हे आत्यांच्या बारा वर्षांसारखं. आणि दुसरं, तण एकदा माजलं की माती आपल्याला हवी तशी करून घेतं. काँग्रेस गवताच्या शेजारी बाकी काही नीट उगवत नाही. तुमच्या या पेशी आल्यावर हाड तसंच राहतं का, की त्याही मशागत करतात?

पेट्रीडिश
बांधावरचे, पीएचडीच्या तोंडी परीक्षेत मला हाच प्रश्न आला होता आणि माझी बोबडी वळली होती.

करतात, दोन तऱ्हांनी. आल्यावर: स्तनाच्या कॅन्सर पेशी असे रेणू सोडतात, की हाड खाणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशींना चेव येतो. हाड खाल्लं जातं तेव्हा कुडात दाबून ठेवलेलं टीजीएफ-बीटा मोकळं होतं. ते कॅन्सर पेशींना खत. खत मिळालं की त्या आणखी रेणू सोडतात. याला शास्त्रज्ञही दुष्टचक्रच म्हणतात. खाणाऱ्या पेशीसुद्धा हाडाला धरायला ऑस्टिओपॉन्टिनच वापरतात, हे जाता जाता.

येण्याआधी: २००५ मध्ये उंदरांत दिसलं, की मूळ गाठीच्या निरोपावरून मज्जेतल्या काही पेशी आधीच फुप्फुसात जाऊन बसतात आणि तिथलं फायब्रोनेक्टिनही वाढलेलं असतं. पाहुणा यायच्या आधी सतरंजी घातलेली. ते फुप्फुसाचं झालं. हाडाचं २०१५ मध्ये निघालं: प्राणवायू कमी पडलेल्या स्तनाच्या गाठी लायसिल ऑक्सिडेज सोडतात, ते रक्तातून हाडात जातं आणि पेशी पोचायच्या आधीच तिथे बारीक खड्डे पाडायला लावतं. हे एन्झाइम एरवी कोलॅजेनच्या धाग्यांना एकमेकांशी टाके घालतं. त्या उंदरांना त्याच्याविरुद्ध बीएपीएन नावाचं औषध दिलं तेव्हा खड्डे कमी झाले.

लाखांदूरकर
थांबा थांबा! बीएपीएन? हे तर आमच्या लाखोळी डाळीतलं विष नाही का? भंडारा-गोंदियात लाखोळी खाऊन पाय लुळे पडतात म्हणून १९६१ मध्ये विक्रीवर बंदी आली होती. आमच्या घरी मात्र लाखोळीची भाजी अन् वडे चालूच राहिले. म्हणजे आमची आजी कॅन्सरविरोधी डाळ खात होती तर!

पेट्रीडिश
लाखांदूरकर, फार जवळ आलात, पण चुलतभावाच्या दारात थांबलात. लाखोळीतलं विष ओडॅप, ते मज्जातंतूंवर काम करतं, म्हणून पाय जातात. बीएपीएन असतं ते शोभेच्या 'स्वीट पी' नावाच्या फुलवेलीच्या बियांत. दोन्ही लॅथिरस कुळातली, म्हणून दोन्ही आजारांना लॅथिरिझम म्हणतात. एकात नसा जातात, दुसऱ्यात हाडं नि सांधे, कारण कोलॅजेनचे टाकेच पडत नाहीत. म्हणून बीएपीएनही माणसाला देण्याजोगं नाही. कृपया कुणी कुठल्याच बिया खाऊ नका.

कोकणी_कावळा
उशीर झाला. हा प्रतिसाद कापून "लाखोळीने कॅन्सर बरा, अमेरिकेतल्या मराठी शास्त्रज्ञ महिलेचा शोध" असं आमच्या फॅमिली ग्रुपवर आलंसुद्धा.

घाटावरची
ग्रुपवरून आठवलं. आत्याला एकीने कोलॅजेनची पावडर आणून दिली होती, "हाडं भरून येतात" म्हणत. आता हे सगळं वाचून उलटी भीती वाटते, ती पावडर म्हणजे पेशींना आयत्या काठ्या तर नाहीत?

हाडवैद्य
नाही. पोटात गेलं की त्याचे तुकडे होतात, डाळीचे होतात तसेच. खाल्लेल्या कोलॅजेनच्या काठ्या सबंध हाडात जाऊन उभ्या राहत नाहीत. भीती नको, आशाही नको. खिशाला चाट तेवढी.

तिरकस
कोलॅजेनचा विषय निघालाय तर एक अभिमानाची गोष्ट. या काठीची तीन पेडांची वेणी असते हे १९५४-५५ मध्ये मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी मांडलं. क्ष-किरणांच्या चित्रांसाठी कांगारूच्या शेपटीतला स्नायुबंध वापरला होता. आमच्या इंजिनिअरिंगच्या पोरांना हे नाव माहीत नसतं.

पेट्रीडिश
तीन पेडांची वेणी, क्या बात! आणि ऑस्टिओपॉन्टिनचं बघायचं तर तुमच्या पुण्यातच, गणेशखिंडीतल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात गोपाल कुंडू यांच्या प्रयोगशाळेने त्यावर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांना २००४ चा भटनागर पुरस्कार मिळाला. ऑस्टिओपॉन्टिनमुळे पेशी आतून कशी चेतते, वाट कापणारी एन्झाइमं कशी सोडते, हे त्यातलं बरंच. मी एम.एस्सी.ला असताना त्यांचे पेपर कोळून प्यायले होते.

मज्जाच_मज्जा
एक बाळबोध प्रश्न. पकड हाच जर सगळा खेळ असेल, तर पकड तोडणारं औषध का देत नाहीत? मला एका रात्रीत दिलं तसं.

पेट्रीडिश
बाळबोध नाही काका. यावर वीसेक वर्षं आणि कोट्यवधी डॉलर गेलेत.

१९८४ मध्ये एर्की रुओस्लाहती आणि पियर्शबाखर यांना कळलं, की दोन हजारांहून जास्त मण्यांच्या (म्हणजे अमिनो आम्लांच्या) फायब्रोनेक्टिनमध्ये पेशी खरं तर तीनच मणी धरते: आर्जिनिन, ग्लायसिन, अस्पार्टिक आम्ल. हेच तीन मणी ऑस्टिओपॉन्टिनमध्ये, बोन सायलोप्रोटीनमध्ये, व्हिट्रोनेक्टिनमध्येही. (इंटिग्रिनच्या शोधासाठी रुओस्लाहती, रिचर्ड हाइन्स आणि टिमथी स्प्रिंगर यांना २०२२ चं लास्कर पारितोषिक मिळालं.) मग वाटलं, तीन मण्यांची नकली किल्ली करून कुलपात अडकवून ठेवू. तसं सिलेंजिटाइड आलं, मेंदूच्या गाठींवर मोठी चाचणी झाली, २०१४ मध्ये निकाल आला: आयुष्य वाढलं नाही. त्याआधी वाट कापणाऱ्या एन्झाइमांविरुद्ध मॅरिमास्टॅट होतं. गाठ हटली नाही, रुग्णांचे सांधे मात्र आखडले.

कारण तेच, पास दुसऱ्याचा आहे. या हातांनी आपल्या चांगल्या पेशीही जगतात. अल्फा-४ हा हात बंद करणारं नॅटालिझुमॅब मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारात चालतं, पण पहारेकरी पेशी मेंदूत पोचेनाशा झाल्या आणि काहींना मेंदूचा भयंकर संसर्ग झाला. २००५ मध्ये ते बाजारातून काढावं लागलं, पुढच्या वर्षी कडक अटींवर परत आलं. शिवाय आपण औषध देतो तेव्हा चोर घरात शिरून बसलेला असतो. दाराचं कुलूप बदलून उपयोग काय?

तुमच्याच आजारात एक दुसरी बाजू दिसलीय. १९९९ मध्ये दाखवलं गेलं, की मायलोमाच्या पेशी फायब्रोनेक्टिनला धरून असल्या तर डॉक्सोरुबिसिन, मेलफॅलन या केमोच्या औषधांना दाद देत नाहीत. त्याच पेशी मोकळ्या केल्या तर मरतात. म्हणून आता डोकं चाललंय ते पकड सोडवून *मग* औषध देण्याकडे. कागदावर छान आहे. माणसात अजून हाताशी आलेलं नाही.

मज्जाच_मज्जा
मेलफॅलन मला दिलं होतं. तोंडात बर्फ धरून बसायचं, तोंड येऊ नये म्हणून. त्या बर्फाची चव अजून जात नाही. मज्जा आली वाचून (दोन्ही अर्थांनी).

ओसरीवरून
सगळ्यांचे आभार. दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा आईला वाचून दाखवलं. कुडाची भिंत तिला लगेच कळली, मामालाही फोनवर तिनेच समजावलं.

दोन गोष्टी विचारायच्यात. पहिली, बाबांच्या रिपोर्टमध्ये 'स्क्लेरोटिक' लिहिलंय, म्हणजे हाड घट्ट. हाड खाल्लं जातं म्हणताय, मग घट्ट कसं? घट्ट असेल तर चांगलंच ना?

दुसरी, खरं तर हीच पहिल्या दिवशी विचारायची होती. दोन वर्षांपूर्वी दादाच्या स्कूटरवरून बाबा पडले होते. कंबरेवरच. गाठ बरोबर तिथेच आहे. दादा काही बोलत नाही, पण त्याने तेव्हापासून बाबांना मागे बसवलेलं नाही, आणि मार्चपासून तर त्याने स्कूटरच काढलेली नाही. मार लागल्यामुळे तिथलं जाळं उघडं पडून पेशी तिथे गेल्या, असं असू शकतं का?

हाडवैद्य
दुसरीचं आधी. नाही. दादांना माझ्या नावाने सांगा. कंबरेचे मणके आणि खुबा या प्रोस्टेटच्या नेहमीच्याच जागा आहेत, आयुष्यात कधी न पडलेल्या माणसांतही. असे रुग्ण मी दर महिन्याला बघतो, स्कूटर सगळ्यांकडे नसते. आपल्याकडे निम्म्या जनतेला कधी ना कधी कंबरेवर आपटल्याचं आठवतंच. दुखायला लागलं की माणूस मागे जाऊन कारण शोधतो, आणि सापडतं ते पडणं. मग सोडा.

पहिलीचं. प्रोस्टेटच्या पेशी बहुतेक वेळा हाड बांधणाऱ्या पेशींना चेतवतात, म्हणून एक्स-रेवर पांढरं दिसतं. पण बांधकाम ठेकेदाराचं, घाईचं. काठ्या कशाही रोवलेल्या आणि वर गिलावा थापलेला. दिसायला जाड, पण मोडतं. शिवाय आत खाणंही चालूच असतं. म्हणून झोलेड्रॉनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅब देतात. ती खाणाऱ्या पेशींना आवरतात, हाड मोडायचं लांबवतात. कॅन्सर मारायचं काम दुसऱ्या औषधांचं.

तुमच्या डॉक्टरांनी यातलं काही लिहून दिलं असेल तर सुरू करायच्या आधी दाताच्या डॉक्टरला दाखवलंत का तेवढं बघा. या औषधांवर असताना दात काढावा लागला तर जबड्याचं हाड कधी कधी भरून येत नाही. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व ते सांगतीलच.

पेट्रीडिश
हाडवैद्यांना पूर्ण अनुमोदन. जखमेच्या जागी फायब्रोनेक्टिन, ऑस्टिओपॉन्टिन काही काळ वाढतं हे खरं आहे, आणि ओसरीवरून यांनी तो विचार केला याचं मला कौतुक वाटलं. पण त्यावरून दादाच्या स्कूटरपर्यंत पूल बांधता येत नाही.

तिरकस
आणि बॅटसनच्या नकाशात कंबरेचा मणका हाच प्रोस्टेटचा पहिला थांबा आहे, स्कूटर असो वा नसो. माझी नळजोडणी इथे तरी कामी येऊ द्या.

बांधावरचा
दादांना म्हणावं गाडी काढा. बॅटरी उतरेल.

ओसरीवरून
दादाला फोन पुढ्यात धरून हाडवैद्यांचा प्रतिसाद वाचायला लावला. "बरं" म्हणाला आणि उठून गेला. संध्याकाळी अंगणातून किका मारल्याचा आवाज येत होता, बराच वेळ. बॅटरी उतरलेलीच होती.

दातांचं मात्र आमच्या लक्षातच नव्हतं, पुढच्या आठवड्यात इंजेक्शन आहे. पण बाबांना दातच नाहीत, वर-खाली पूर्ण कवळी आहे. तरी दाखवायचं का?

हाडवैद्य
तरी दाखवायचं. कवळी सैल होऊन हिरडीला घासत असेल तर तिथूनही हाड उघडं पडू शकतं. इंजेक्शनच्या आधी, उद्याच जा.

कोकणी_कावळा
आणि जाताना कवळी घरी विसरू नका. आमचे अण्णा विसरले होते.